शंकर बाबरची अख्खी वाटी

शंकर बाबरच्या हातात धातूची कुठलीही धड वस्तू दिली, की तो हिरमुसायचा. "फुटल्याली आसंल तर दाव गड्या, धड वस्तू काय सांगत न्हाई," म्हणायचा. फुटकी मिळाली की खिडकीशी जाऊन तिची तुटकी कड उन्हात तिरकी धरायचा आणि जगाला विसरायचा. सांगलीच्या एका कॉलेजात आम्ही दोघं एकदमच धातुशास्त्राचे लेक्चरर म्हणून लागलो, आणि तेव्हापासून मी त्याचा हेवा करत आलो.

तो माणमधल्या दहिवडीकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. वर्गातही गावाकडचंच बोलायचा. मी साताऱ्याच्या तांबटांच्या घरातला; बोलणं शुद्ध, अक्षर सुवाच्य, तयारी चोख. पण पोरांचा घोळका असायचा त्याच्याभोवती. माझ्या तासाला पोरं फळ्याकडे बघायची, त्याच्या तासाला त्याच्याकडे. हे मला तेव्हा सलायचं आणि अजूनही सलतं.

मग मॅग्नेशियमचं काम आलं. हा धातू हलका, पण हट्टी. त्याच्या मिश्रधातूचा पत्रासुद्धा आकार द्यायला गेलं की चिरतो. या पत्र्याची खोल वाटी जो न फोडता दाबून काढील, त्याला संशोधनासाठी बंगलोरला पाठवू, असं आमच्या विभागप्रमुखांनी दोघांनाही सांगितलं. ती जागा मला हवीच होती. स्टीलच्या भांड्यांनी आमच्या दुकानाची रया गेली होती, आणि घरी जाऊन वडिलांना सांगण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं.

दुकानात मी लहानपणापासून एकच पाहिलं होतं. ठोकून ठोकून तांबं ताठरलं की भट्टीत घालायचं, अजून ताठ वाटलं तर अजून थोडं ठेवायचं. त्याच सवयीनं मी मॅग्नेशियमचा पत्राही भट्टीत चांगला मुरू दिला आणि निवांत चहाला गेलो. प्रेसखाली माझ्या वाटीचा तळ कडेला टर्रकन फाटला. शंकरनं त्याचा पत्रा लवकर बाहेर काढला, त्याच गरम साच्यात दाबला, आणि वाटी अख्खी निघाली. प्रमुखांनी त्याची पाठ थोपटली. त्यानं स्वतःची वाटी टेबलावर ठेवून दिली आणि माझी फुटकी घेऊन खिडकी गाठली.

"वसंता, हिकडं ये. कड कशी चमचम करतीया बघ. लय येळ ठिवलास. आतलं कण वाढून मोठं झालं."

"तांब्याला चालतं," मी म्हणालो.

"तांब्याला चालत आसंल, ह्याला न्हाई. भरड पिठाची भाकरी थापताना कडंला चिरती का न्हाई? तसंच हाय हे. कण बारीक हायती तवरच भाईर काढायचं."

सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे कण रव्यासारखे दिसले, माझे साबुदाण्यासारखे. भांडायलाही त्यानं जागा ठेवली नाही.

आणि मग त्यानं बंगलोरला जायचंच नाकारलं. "आवं सर, हितली पोरं सोडून तिकडं मी कुनाशी बोलू? वसंताला धाडा, त्याला लय हौस हाय."

मी गेलो. वडिलांनी सगळ्या आळीत पेढे वाटले. कणांचा आकार आणि पत्र्याचं घडणं यावरच मी पुढे डॉक्टरेट केली, मोठ्या हुद्द्यावर चढलो. पण एकही पेढा मला गोड लागला नाही. त्यानं ताटात टाकलेलं मी उचललं होतं, आणि ते त्याच्या गावीही नव्हतं, याचा तर मला जास्तच राग यायचा.

शंकर गेला तेव्हा शोकसभेला मोठा माणूस म्हणून मला आधी बोलायला लावलं. मी बरा बोललो. माझ्यानंतर त्याचा एक जुना विद्यार्थी उठला, आता स्वतःचा कारखाना असलेला. "बाबर सर..." एवढंच म्हणाला आणि तोंडाला रुमाल लावून खाली बसला. सगळी सभा हुंदके द्यायला लागली. मी पहिल्या रांगेत बसून माझे विद्यार्थी एकेक आठवत होतो. माझ्याबद्दल बोलायला उठून असा मध्येच खाली बसेल, असं त्यांच्यात कोणीच सापडेना.