नळी जमिनीकडे

आमच्या शेजारच्या काकांकडे परवान्याची बंदूक आहे. तिवशाकडे शेतातल्या घरात काका-काकू दोघंच राहायचे, तेव्हा घेतलेली. आता अमरावतीत बंदूक एका कपाटात अन् काडतुसं दुसऱ्यात. एक किल्ली काकांच्या करदोट्याला, दुसरी काकूंच्या कमरेला. काकू भजनाला गेल्या की मी मुद्दाम विचारतो, "काका, आत्ता चोर आला तं?"

"त्याले च्या पाजतो. भजन संपेपरेंत बसीन तो."

हसू नका, माणूस पक्का आहे. छत्रीसुद्धा देतील ती टोक खाली करून. झाडांना पाणी घालताना मी फाटकातून आत शिरलो, की पाइपाचं तोंड आधी मातीकडे वळतं, मग "या" म्हणतात.

यंदा धुळवडीला गल्लीनं त्यांच्या हातात भरलेली पिचकारी कोंबली. आम्ही सगळे छाती काढून समोर उभे. काकांनी पिचकारीचं तोंड खाली केलं आणि सगळा रंग स्वतःच्या चपलांवर सोडला.

"मारा ना, काका!"

"कावून मारू? नळी मानसाकडे नाई म्हंजे नाई."

मग आम्हीच त्यांना हिरवंगार केलं. ते खदखदा हसत होते, पिचकारी मात्र जमिनीकडेच. शेवटी काकूंनी वैतागून रंगाची भरलेली बादली त्यांच्यासमोर आणून आदळली. काकांनी ती उचलली, चहूबाजूंनी नीट निरखली.

"हिले नळी कुठी हाय?" ते म्हणाले, आणि अख्खी बादली माझ्या डोक्यावर ओतली.