उगाच चौकशी करू नये

चहा हातात घेण्याआधीच सांगतो, हसू आलं तर खुशाल हसा, पण वसुधासमोर हा विषय काढू नका. माझ्या फजितीची ही गोष्ट माझ्या बायकोला माझ्यापेक्षा चांगली सांगता येते, आणि तिच्या सांगण्यात मी जरा जास्तच मूर्ख दिसतो.

पुण्यात तेव्हा आयटीचं वारं नुकतं भरलं होतं. आमच्या सदाशिव पेठेत प्रत्येक जिन्यात एक तरी मुलगा कॉम्प्युटर शिकत होता. मीही दिवसभर एका कंपनीत कोड लिहायचो आणि घरी आल्यावर हौसेने आणखी लिहायचो. अशाच हौसेत दवाखान्यांसाठी एक छोटा प्रोग्राम केला. पेशंटचा नंबर पडद्यावर दाखवायचा आणि मराठीत हाक मारायची, "सात नंबर, आत या." बस, एवढंच! तो मी इंटरनेटवर फुकट ठेवून दिला.

फुकट म्हणजे बेवारस नव्हे हं! त्याला रीतसर लायसन्स होतं. घ्या, वापरा, बदला, मशीनमध्ये घालून विकलात तरी चालेल. अटी दोनच. मूळ लेखकाचं नाव पडद्यावरून हटवायचं नाही, आणि मशीन घेणाऱ्याने मागितला तर सगळा कोड त्याला द्यायचा. यात अवघड काय आहे, सांगा बरं? पण कंपन्या फुकटचा कोड उचलायच्या, नाव पुसायच्या आणि स्वतःचा म्हणून विकायच्या. या विषयावर मी लग्नाच्या पंगतीतसुद्धा बोलायचो. श्रीखंड वाढायला आलेले लोक माझं बोलणं ऐकून न वाढताच परत जायचे, असं वसुधा म्हणते. अतिशयोक्ती आहे. एकच जण गेला होता.

माझी दुसरी ख्याती म्हणजे दारावरचे विक्रेते. दुपारी डोळा लागला आणि बेल वाजली, की मी उठून समोरच्याला एका वाक्यात जिना उतरायला लावायचो. कोण आलं होतं, हेसुद्धा नंतर मला आठवायचं नाही. हे जरा लक्षात असू द्या.

तर एक दिवस माझी दाढ दुखायला लागली. गालाचा फुगा सांभाळत मी डॉक्टर साठ्यांकडे गेलो. माणूस हाताने हलका, जिभेने अजिबात नाही. बाहेर बाकावर बसलो होतो. समोर पडदा होता.

"नऊ नंबर, आत या," पडदा बोलला. थोड्या वेळाने, "दहा नंबर, आत या. दहा नंबर, आत या."

मी ताडकन उठलो! अहो, ती माझी चूक होती! म्हणजे माझ्या प्रोग्राममधली. दर दहाव्या पेशंटला तो दोनदा हाक मारायचा, आणि का मारतो ते मला कधी सापडलंच नव्हतं. हरवलेलं पोर आईने गालावरच्या तिळावरून ओळखावं, तसं मी माझं पोर ओळखलं. पण पडद्यावर माझं नाव? कुठेच नाही! वर नंबर, मध्ये डॉक्टरांचं नाव, आणि खालच्या कडेला साठ्यांनी स्वतः लिहून चिकटवलेली कागदी पाटी: "उगाच चौकशी करू नये."

"हे मशीन कुणी बनवलं हो?" मी काउंटरवरच्या बाईंना विचारलं.

बाईंनी मान वर न करता पाटीकडे बोट दाखवलं.

आत खुर्चीवर आडवा झालो तरी मला राहवेना. "डॉक्टर, तुमच्याकडे चोरीचा माल आहे!"

"तोंडात हात असताना बोलू नका. हात माझा आहे."

चूळ भरल्यावर मी सगळं सांगितलं. साठे गंभीर झाले. "अहो आपटे, मी आमच्या सगळ्या दातवाल्यांना हेच मशीन घ्या म्हणून सांगितलंय. उद्या ऑर्डर द्यायची आहे. धायरीतली पोरं आहेत, त्यांची पहिलीच मोठी ऑर्डर."

"थांबवा!"

"खात्री आहे तुमची?"

"माझं नाव पुसलंय त्यांनी, डॉक्टर! माझं नाव!"

"ठीक आहे, थांबवतो. पण चूक निघाली, तर ती तुमच्या नावावर."

"खुशाल!" मी म्हणालो. केवढ्या रुबाबात म्हणालो!

दुसऱ्या दिवशी रजा टाकून स्कूटरवरून धायरी गाठली. वाटेत भाषणाची तालीम चालू होती. प्रत्येक सिग्नलला नवीन मुद्दा सुचत होता. एका पिठाच्या गिरणीवर कंपनीची एकुलती एक खोली होती. आत दोन पोरं डोक्याला हात लावून बसलेली. त्यातला एक, प्रवीण वानखडे, अमरावतीकडचा. मला बघताच उठला, आणि मी भाषण सुरू करणार तेवढ्यात सरळ माझ्या पाया पडला!

"सर, तुमी? या नं, बसा नं! आपटे सर आले रे, पाणी आण!"

"पाया कसले पडता? मशीन तुमचं, प्रोग्राम माझा! माझं नाव कुठे आहे?"

"आहे नं सर." त्याने टेबलावरचं मशीन चालू केलं. पडदा उजळला. वर नंबर, मध्ये दवाखान्याचं नाव, आणि अगदी खालच्या कडेला स्वच्छ अक्षरात: "मूळ प्रोग्राम: मुकुंद आपटे, सदाशिव पेठ, पुणे. कोड मागितल्यास मिळेल."

अगदी खालच्या कडेला. जिथे साठ्यांची पाटी होती, बरोब्बर तिथे!

माझं भाषण घशातच राहिलं. पण पुणेकर असा लगेच हरतो होय? "मग मला निदान कळवायचं तरी!" मी म्हणालो. वास्तविक लायसन्समध्ये तशी अट नव्हती, ते लिहिणारा मीच.

"आलतो नं सर तुमच्या घरी. सगळा कोड सीडीवर टाकून. म्हणलं, माणसाचं आपण वापरून राहिलो, तं एकदा भेटून यावं. दुपारी बेल वाजवली, तुमीच दार उघडलं."

"मी... काय म्हणालो?"

"राहू द्या नं सर."

"नाही, सांगाच."

"तुमी म्हणाले, काय विकायला आलात? मी म्हणलं, विकायले नाही सर, फुकट द्यायले आलो. तं तुमी म्हणाले, फुकट असेल तर मुळीच नको, फुकट देणाऱ्यांचा मला भयंकर संशय येतो! अन् दार लावलं. मंग सीडी कडीले अडकवून आलो."

खाली गिरणी घरघरत होती, म्हणून बरं. मी! जगाला फुकट सॉफ्टवेअरचं महत्त्व पटवत फिरणारा मी!

"ते जाऊ द्या सर," प्रवीण म्हणाला. "पण काल साठे डॉक्टरचा फोन आला, ऑर्डर थांबवली म्हणे. काहून, ते सांगत नाहीत. ऑर्डर गेली तं ही खोली सोडून आमाले गावाकडं जावं लागंल. तुमची ओळख आहे का त्यांच्याशी? एक शब्द टाकता का?"

मला लाज वाटली, अगदी खरीखुरी. "मीच थांबवली" हे मी कसंबसं सांगितलं. पोरगा रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने चहा मागवला.

निघताना दारापर्यंत आला. "सर, एक विचारू? दहाव्या पेशंटले दोनदा हाक काहून मारते ते? आमाले वाटलं, पुण्याची पद्धत असंल. म्हणून तशीच ठेवली."

मी हेल्मेट घातलं.

घरी आलो. "वसुधा, दाराच्या कडीला मागे एक सीडी अडकवली होती का कुणी?"

"ती होय? कबुतरं हाकलायला लावलीये ना गॅलरीत."

गॅलरीत दोरीवर सीड्यांची माळ झुलत होती. मधल्या सीडीवर निळ्या शाईत लिहिलं होतं, "आपटे सरांना, आदरपूर्वक." त्या आदरावर कबुतरांनी आपलं मत नोंदवलेलं होतं.

"तेवढी नका हं काढू," वसुधा म्हणाली. "सगळ्यात जास्त तीच चमकते."

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधीच मी साठ्यांच्या दारात उभा. सगळं सांगितलं, काहीही न लपवता. डॉक्टर पडद्यापाशी गेले आणि नखाने पाटी सोलली. खाली मी होतो, सदाशिव पेठेसकट.

"म्हणजे चूक निघाली म्हणायची," साठे म्हणाले.

"निघाली."

"बरं." त्यांनी माझ्यासमोरच धायरीला फोन लावून ऑर्डर पक्की केली. माझ्या जिवात जीव आला. एवढ्यावर सुटलो, असं मला वाटलं. माझी अक्कल ती केवढी!

पुढच्या आठवड्यात दाढेसाठी पुन्हा गेलो. बाकावरची सगळी माणसं पडद्याकडे बघून हसत होती. माझं नाव उघडं, ठळक, आणि त्याच्या अगदी वर साठ्यांच्या अक्षरात नवी पाटी:

"हे मशीन दर दहाव्या पेशंटला दोनदा हाक मारते. चूक मशीनची नाही, डॉक्टरांची नाही. खाली नाव दिलेल्या गृहस्थांची आहे."

"डॉक्टर," मी आत जाऊन हात जोडले, "ते नाव तेवढं झाका हो."

साठ्यांनी हातमोजे चढवले. "आ करा. आणि नाव झाकलेलं तुमच्या लायसन्समध्ये बसत नाही."