दसऱ्याच्या पाटावरचं इंजिन

माझा मामा बोटीवर कामाला होता. दर खेपेला तो घरच्यांना साबण, सेंट आणि नायलॉनच्या साड्या आणायचा, आणि मला सुट्या भागांची खोकी. भाग जोडत गेलं की विमान व्हायचं, जहाज व्हायचं. मी तेव्हा घाटकोपरला एका ऑफिसात टायपिस्ट होते, लग्नाची झाले होते, आणि मुलुंडच्या आमच्या चाळीत आई आल्यागेल्याला सांगायची, "पोरगी गुणाची आहे हो, फक्त खेळण्यांचं वेड आहे." खेळणी! माझं डोकंच फिरायचं.

त्या वर्षी मामाने आणलं ते मोटारीचं इंजिन. चार सिलिंडरचं, पावाच्या लादीएवढं, आरपार दिसणाऱ्या प्लॅस्टिकचं. आत वरखाली होणारे पिस्टन, दातेरी चाकं, आणि हे सगळं फिरवायला दोन सेलवर चालणारी बोटभर मोटर. शंभराच्या वर तुकडे. माहितीचा कागद जपानीत, म्हणजे आनंदच. चित्रं बघून बघून मी तीन आठवडे रोज संध्याकाळी ते जोडत बसले.

बाबा तिथेच खाटेवर असायचे, भिंतीकडे तोंड करून. गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे शेकडो माग एकदम धडधडतात तिथे, त्यांनी सव्वीस वर्षं फिटरकी केली. गिरणी बंद पडली तेव्हा पदरात राहिलं काय, तर हत्यारांची एक ट्रंक आणि मागांनी खाल्लेले कान. त्यांचा जुना सोबती कुर्ल्याला एका वर्कशॉपमध्ये लागला होता. तो दोनदा येऊन ओरडून सांगून गेला, "अरे ये ना बाबा, मालकाला फिटर हवाय!" बाबांचं एकच पालुपद, "बहिऱ्याक कोण ठेवतलो? मशीन कुरकुरला तर माका कळतला कसा?" तिसऱ्यांदा आला तो निक्षून सांगायलाच. दसऱ्यानंतरच्या सोमवारी आलास तर आलास, नाहीतर दुसरा माणूस घेणार.

घर माझ्या पगारावर कसंबसं चाललं होतं, त्याचं मला एवढं नव्हतं. पण दोन वर्षांत माझा बाप लाकडासारखा होत चालला होता. ती भीती मला झोपू द्यायची नाही.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी शेवटचा स्क्रू बसला. सेल घातले, बटण दाबलं. बाई गं! एक पिस्टन वर, दुसरा खाली, वरच्या बारक्या झडपा उघडतायत, मिटतायत, आणि ज्याची पाळी त्याच्याच डोक्यावरचा मोहरीएवढा दिवा लागतोय. उभा जन्म रस्त्यावरच्या मोटारी बघितल्या होत्या, पण त्यांच्या पोटात कोणी बघत नसतानाही इतकं शिस्तीत काही चालतं हे मला कधी सुचलंच नव्हतं. अंगावर काटा आला माझ्या. आई पदराला हात पुसत आली आणि तिने चक्क नमस्कार केला. बाबांनी मान वळवून पाहिलं आणि पुन्हा भिंत गाठली.

दसऱ्याला आमच्याकडे साधा नियम होता, जे काम करतं ते पुजायचं. आईने शिलाई मशीन पुजलं, मिक्सर पुजला, ट्रंकेतली बाबांची हत्यारं पाटावर मांडली आणि शेजारी माझं इंजिन ठेवलं. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडू, आणि वरून मूठभर अक्षता. मी तोवर चाळीतल्या बायका गोळा करून आणल्या होत्या. ऐटीत बटण दाबलं. घर्रर्र, टक, बंद. पुन्हा दाबलं. घर्रर्र, टक, बंद.

"कालपर्यंत चालत होतं ना गं?" शेजारच्या काकू म्हणाल्या. माझी तर पार वाट लागली. सेल बदलले, हलवून पाहिलं. काचेसारखं लख्ख दिसत होतं सगळं, कुठे काही अडलेलं नाही. तेवढ्यात बाबा उठून मागे आले. "बघू गो, आवाज कसो येता?"

"तुम्हाला कुठे ऐकू येणारे आवाज!" मी खेकसले.

नेमकं तेवढं त्यांना ऐकू गेलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

बाबांनी पाटावरचा लांब स्क्रू-ड्रायव्हर उचलला, त्याच्या लाकडी मुठीला आईने बोटं ओली करून कुंकू फासलेलं होतं. टोक इंजिनाला टेकवलं, मूठ उजव्या कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. "चालू कर." मी बटण दाबत राहिले. डॉक्टर छाती तपासतात तसं ते टोक हळूहळू सरकवत होते. पुढच्या काळ्या डबीपाशी थांबले. सगळ्या इंजिनात तेवढीच डबी आरपार न दिसणारी होती.

"हंय. दाताखाली खडो इलेलो आसा."

चार स्क्रू काढले. दातेरी चाकांमध्ये अडकला होता तांदळाचा अर्धा दाणा, कुंकवाने लालभडक. डबीवरच्या तेलाच्या भोकाचं झाकण माझ्याकडून हरवलं होतं, तिथून गेला आत. आईने तोंडावर हात ठेवला. "इंजिनाक पण जेवूक घातलंस?" असं म्हणून बाबा हसले. दोन वर्षांनी हसले हो!

डबी बंद केली, इंजिन सुरू झालं. बाबांनी मूठ माझ्या कानामागे धरली. देवा रे! त्या एवढ्याशा खेळण्यात अख्खं साचेखातं धडधडत होतं, आणि त्यात प्रत्येक चाकाचा आवाज वेगळा. ही विद्या माझ्या घरात खाटेवर बसून होती आणि मी त्या माणसाला बहिरा म्हणाले होते.

"मग इतके दिवस लावून का नाही पाहिलंत?" मी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं.

"भियालंय," ते म्हणाले. "लावलंय आणि नायच ऐकाक इला तर?" मग माझ्या पाठीवर थाप मारून जोरात, अख्ख्या चाळीला कळेल असं, "येता गो! माका ऐकाक येता!"

आमच्या दोघांचेही कान लाल झालेले बघून बायका खो खो हसल्या.

सोमवारी पहाटे ट्रंक वाजली. आई म्हणाली, थांबा, स्क्रू-ड्रायव्हरची मूठ पुसून देते, कुंकू आहे अजून. त्यांना ते ऐकू आलं नाही, की ऐकायचं नव्हतं, कोण जाणे. तसाच पिशवीत टाकून गेले. मी ऑफिसात दिवसभर चुकीची अक्षरं बडवली.

संध्याकाळी बाबा आले. आई दारातच उभी, मी तिच्या मागे. विचारायचं धाडस कोणाचंच होईना. ते चपला काढायला वाकले, आणि उजव्या कानामागे घामात ओघळलेलं ताजं कुंकू दिसलं. आईने डोळे पुसले आणि चहा टाकायला आत गेली.