राहुकाळातली सही

आमचे काका श्रीमंत झाले ते भुकेमुळे. हे मी द्वेषाने म्हणत नाही. बरं, थोडं द्वेषानेच म्हणते.

तीसेक वर्षांपूर्वी माझे वडील, म्हणजे अप्पा, शाळामास्तर होते आणि त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे काका, चेन्नईत जॉर्ज टाउनच्या एका पेढीवर कारकून. दोघांनी शहराबाहेर सिरुसेरीला शेजारशेजारचे दोन तुकडे घ्यायचं ठरवलं. तेव्हा तिथे वाळू, सुरूची झाडं आणि शेळ्या, एवढंच होतं. खरेदीसाठी शुक्रवारी नोंदणी कचेरीत गेले, तर नंबर लागला पावणेअकराला. शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाळ, शुभकामाला वर्ज्य. आम्ही तंजावरकडचे मराठी. राज्य गेलं, निम्मी भाषा गेली, पण रोज सकाळी कॅलेंडरचं पान फाडून राहुकाळ बघायची सवय काही गेली नाही. अप्पा बाकावर जाऊन बसले. बारानंतर सही करतो म्हणाले.

राहुकाळाची भीती काकांनाही होतीच. पण समोरच्या खाणावळीत पहिली पंगत अकराला बसायची, आणि उशीर झाला की तिथलं चिंचेचं कालवण संपायचं. "अण्णा, मज भूक सोसत नाही," असं अप्पांना म्हणून त्यांनी सही ठोकली आणि जेवायला पळाले. बाराला अप्पांनी पेनाचं टोपण काढलं, तोवर जमीनमालकाने त्यांचा तुकडा रांगेतल्या एका घाईच्या व्यापाऱ्याला विकून टाकला होता.

पुढे सिरुसेरीला संगणक कंपन्या आल्या, शेळ्या गेल्या आणि काकांच्या वाळूचं सोनं झालं. त्याबरोबर कालवणाची गोष्ट घरातून नाहीशी झाली. तिच्या जागी 'दूरदृष्टी' आली. "दे रे हरी पलंगावरी करून चालत नाही, कष्ट लागतात," असं काका दर सणाला अप्पांकडे बघून सांगत. अप्पा पापड मोडत बसत. माझं मात्र डोकं फिरायचं. आता मीही सिरुसेरीतच नोकरी करते. कंपनीची बस रोज त्या तुकड्यांवरून जाते आणि रोज सकाळी माझं तोंड कडू होतं.

गेल्या वर्षी काकांना ऐंशी वर्षं पुरी झाली, म्हणून एग्मोरच्या एका हॉटेलात सोहळा ठेवला होता. रविवार, वेळ चारची. गुरुजी वाहतुकीत अडकले आणि साडेचार वाजून गेले. सहापर्यंत राहुकाळ! काकांनी फर्मान काढलं: दिवा लावायचा नाही, भाषण नाही, संध्याकाळच्या फराळाचं टिफिनसुद्धा काढायचं नाही. भुकेपोटी राहुकाळात सही करणारा हा माणूस पैसा आल्यापासून राहुकाळात नखंही कापत नाही. दीडशे पाहुणे नुसत्या कॉफीच्या वासावर दीड तास बसून राहिले.

सहाला दिवा लागला आणि काका कष्टांवर वीस मिनिटं बोलले. मग म्हणाले, "आता आमचे अण्णा दोन शब्द बोलतील."

मी अप्पांच्या कानाशी लागले. "अप्पा, आज सांगाच. कालवणाचं सांगा." एकदा चारचौघांत हे खरं बाहेर यावं, अप्पा मूर्ख नव्हते हे लोकांना कळावं, म्हणून मी इतकी वर्षं दबा धरून बसले होते.

अप्पा माईकपाशी गेले. घसा साफ केला. "माझा भाऊ सुखी असो," म्हणाले. "टिफिन गार होतंय." आणि खाली आले. टाळ्या काकांच्या भाषणापेक्षा जास्त पडल्या.

परतताना रिक्षात मला रडूच फुटलं. "का नाही बोललात? जन्मभर त्यांनी तुम्हाला मूर्खात काढलं!"

"अगं, त्या दिवशी मजही भूक लागली असती तर?" अप्पा म्हणाले. "ते भाषण आज मी केलं असतं. दर सणाला केलं असतं. आणि तुज ऐकावं लागलं असतं. सेरि, बरं झालं, सुटलीस म्हण!" आणि पोट धरून हसायला लागले.

मला हसू आलं नाही. ते भाषण मला केव्हाचं पाठ होतं. बसच्या खिडकीशी बसून मी ते रोज मनात करत आले होते, दूरदृष्टी, कष्ट, सगळं तेच. फक्त त्यात माईकपाशी काकांऐवजी मी उभी असायची.