जालिंदरबाबांचा मेन स्विच

जालिंदरबाबांची उभी हयात होटगी जंक्शनवर रेल्वेच्या नोकरीत गेली. दिवा, पंखा, नळ बंद केल्याशिवाय त्यांनी कधी खोली सोडली नाही. निवृत्त होऊन जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये आले, तरी जित्याची खोड जाते कुठली. पोरगा यशपाल म्हणायचा, बाबांना सूर्याचं बटण सापडलं तर भर दुपारी अंधार पडंल.

यशपाल टॉवेलांची डिझाइनं काढायचा. त्या दिवशी तो नोकरीच्या मुलाखतीला पुण्याला गेला होता. काम सगळं घरच्या कॉम्प्युटरमध्ये, आणि फायली इतक्या अवजड की पेनड्राइव्हमध्ये मावेनात. म्हणून कॉम्प्युटर झोपवून ठेवलेला. पुण्यातून इंटरनेटवरून त्याला उठवायचं आणि साहेबांना काम दाखवायचं, असा बेत. "बाबा, कॉम्प्युटरला हात लावू नका," असं बजावून तो गेला. बाबांनी लावलाही नाही. भाचीच्या पोराचं बारसं होतं मैंदर्गीला. घराला कुलूप घातलं, ओढून बघितलं आणि निघाले.

पंगतीत फोन वाजला.

"बाबा, कॉम्प्युटर उठंना. राउटरबी दिसंना. तुमी कायतरी बंद केलंय का?"

"मी हातबी लावला न्हाय," बाबा ठासून म्हणाले.

"शेजारी इचारलं. त्यांच्याकडं लाइट हाय म्हणत्यात. मग आपल्याच घरात काय झालं?"

बाबांचा घास हातातच राहिला. निघताना दारामागचा मेन स्विच आपणच खाली ओढला होता. गावाला जाताना मेन बंद करायचा, हे त्यांच्या लेखी कुलूप घालण्याइतकंच साधं. कॉम्प्युटर झोपलेला आहे, त्याला कसली वीज लागतीय, असंच त्यांना वाटलं असतं. पण तेवढाही विचार मनात आला नव्हता.

त्यांनी खरं ते सांगितलं. यशपाल रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"झोपल्यालं असलं तरी थोडी वीज लागती, बाबा. न्हायतर त्येला हाक ऐकू येत न्हाय. किल्ली कुणाकडं हाय?"

"माज्याच खिशात."

एसटी अक्कलकोटवरून रखडत आली. बाबा खिशातली किल्ली चाचपत बसले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. घरी पोचले, मेन वर केला. फ्रिज घुरघुरला, राउटरचे दिवे लुकलुकू लागले. यशपालचा फोन बंद लागत होता. बाबा कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढून बसले, हात मांडीवर ठेवून.

संध्याकाळी पडदा आपोआप उजळला. बाण सरकला, टॉवेलांवरचे मोर, वेली एकेक करून उघडू लागल्या. बाबांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात फोन आला.

"उठला की रं, यशपाल. सायबांना आवडलं का?"

"मी एसटीत हाय, बाबा. टेंभुर्णी गेलं आत्ताच. सायब लोक दुपारीच गेले. उठतो का, तेवढंच बघत हुतो."

पडद्यावरचे मोर एकेक करून मिटत गेले.