छर्‍यांचा डबा

अकोल्याला स्टेशनाच्या अलीकडे खुशालरावांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार टिनं आणि पंक्चर बघायचं पाण्याचं घमेलं. पण तोरा असा, की जणू आगगाड्याही तिथेच दुरुस्त होतात. गिर्‍हाइकाने घाई केली की म्हणायचे, "घाई अशीन त पायदल जाय ना गा!" गिर्‍हाईक मुकाट बसायचं, कारण त्यांनी आवळलेलं चाक पुन्हा डगडगत नसे.

या फटकळ माणसाचा जीव अडकला होता तो एकुलत्या एका मुलीत. तिचं नाव सुभद्रा, घरात सुभी. सत्तावन्न साली तिला सांध्यांचा ताप आला आणि त्याने काळीजच धरलं. डॉक्टरांनी धावणं, उड्या, फुगडी, सगळं बंद केलं. नऊ वर्षांच्या पोरीला नुसतं पडून राहा म्हणणं म्हणजे वासराला दावणीला धरून बांधणंच की! खुशालरावांनी बिस्किटाचा चपटा डबा घेतला, खिळ्याच्या डोक्याने पत्र्यात पाच खळगे ठोकले, सायकलीच्या चाकातले पाच छर्रे, म्हणजे पोलादी गोळ्या, आत सोडले आणि वरून जुन्या तसबिरीची काच बसवली. डबा दोन्ही हातांत धरून अलगद कलंडवायचा आणि पाचही छर्रे खळग्यांत बसवायचे, एवढाच खेळ.

खेळ मोठा गुणाचा. मैदान नको, गडी नको. अंथरुणात खेळावा, टांग्यात खेळावा, दवाखान्यातही न्यावा. खोडीही होत्या. काचेवर घाम धरे, मनगटं भरून येत, उजेड गेला की छर्रे दिसत नसत. आणि खडखड तर अशी, की शेजारच्या पार्बताबाई भिंतीपलीकडून ओरडत, "तुमची पोरगी फुटाणे भाजून राहिली का जी?"

खरी खोड कुणाच्या ध्यानात आली नाही. गडी लागत नाही, हाच गुण खुशालराव कौतुकाने सांगत सुटले होते. पण सुभीला हळूहळू कुणीच लागेनासं झालं. मैत्रिणी दारात आल्या तरी तिची मान वर होईना. चार छर्रे बसत, पाचवा निसटे. "थांब ना माय, एकच राह्यला," एवढंच ती आईला, गोदाबाईला, म्हणे.

भाद्रपदाची पुनव झाली आणि वर्‍हाडात भुलाबाई बसल्या. महिनाभर पोरी संध्याकाळी घरोघर जाऊन गाणी म्हणतात. गाणी संपली की त्या घरची बाई खाऊचा बंद डबा आणते आणि वाजवते. आवाजावरून पोरींनी आत काय आहे ते ओळखायचं. लाह्या? नाही. शेंगदाणे? नाही. ओळखेपर्यंत पोरी अंगणातून हलत नाहीत. ओळखलं की खाऊ वाटतात आणि सगळ्या आपापल्या घरी जातात. असल्या एका संध्याकाळी, पलीकडच्या अंगणात गाणी चालू असताना, सुभी गेली. डबा तिच्या पोटावर होता. देवाला डोळे नसतात, असं खुशालराव तेव्हा भर चौकात बोलले, आणि कुणी त्यांना गप्प केलं नाही.

गोदाबाईने डबा फळीवर ठेवला. दिवाळी झाली, थंडी पडली, आणि एका दिवेलागणीला डबा वाजला.

खुशालरावांना वाटलं, मालगाडी गेली असेल. दुसर्‍या दिवशी वाटलं, उंदीर. फळी झाडली, डबा भुईवर ठेवला. तिन्हीसांजेला तो भुईवरही वाजला. तेव्हा लाईनीवर गाडी नव्हती. त्यांनी काचेवर तळहात टेकवला. आत एक छर्रा संथपणे या कडेपासून त्या कडेपर्यंत गेला, थांबला आणि परत आला. त्यांनी हात चटकन मागे घेतला.

गोदाबाई भ्याली नाही. ती डब्यासमोर मांडी घालून बसली आणि तिने लाडाने विचारलं, "लाह्या हायेत का व?"

खड् खड्.

"मंग मुरमुरे?"

खड् खड्. गोदाबाई हसली. पोर गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसली होती.

मग रोजचंच झालं. फुटाणे, खोबरं, खारका, बत्तासे. बाई एकेक नाव घेई आणि डबा वाजत राही. पण दिवसभर ती नुसती संध्याकाळची वाट बघे. चूल पेटेना, पोटात अन्न जाईना, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. पार्बताबाई एकदा हळूच म्हणाल्या, "दादा, बाई हातची चालली जी." खुशालरावांच्या तोंडचं पाणी पळालं. पोर गेली, आता बायकोही तिच्यामागे निघाली, हे त्यांना दिसत होतं. आणि नवल हे, की जो डबा हिच्या डोळ्यांदेखत बनला, त्यात काय आहे तेवढंही हिला आठवू नये? डोकं फिरलं बिचारीचं, असंच त्यांनी धरलं.

त्या संध्याकाळी ते दुकान लवकर बंद करून आले. घरात अजून दिवा नव्हता. गोदाबाई विचारत होती, "गूळ हाये का, सुभे?" आणि डबा वाजत होता.

खुशालराव तिच्याशेजारी बसले. डब्याकडे बघून स्पष्ट बोलले, "छर्रे हायेत, माय. पाच छर्रे."

डबा थांबला.

घर एकदम इतकं निवांत झालं, की पार्बताबाईंच्या घरातलं भाकरी थापणं ऐकू येऊ लागलं. गोदाबाईने वळून नवर्‍याकडे पाहिलं. डोळे अगदी शुद्धीवरचे होते.

"सांगून देल्लं तुमी?" ती म्हणाली. "मले काय मालूम नवतं? मी रोज जाणूनबुजून चुकत होती. ओळखलं का पोरी घरी चालल्या जातात जी!"

खुशालरावांनी डबा उचलून हलवला. जोरात हलवला, उलटा केला. पाचही छर्रे आपापल्या खळग्यांत बसले होते, एकही सुटला नाही. मग आयुष्यात कुणापुढे न वाकलेला तो उंच माणूस गुडघ्यांवर आला आणि काचेला तोंड लावून म्हणू लागला, "चुकलो मी, माय. छर्रे नाई. शेंगदाणे हायेत ना? सांग ना व, शेंगदाणे? लाह्या?"

डबा वाजला नाही.