विमलाबाईंची डबी

कोपरीत आमच्या बिल्डिंगमध्ये आवई उठली की तिसऱ्या मजल्यावरच्या विमलाबाईंना पोरासकट व्यसनमुक्ती केंद्रात टाकलंय. "मायलेक दोघंही पावडरवर!" असं खालच्या मजल्यावरच्या रुपालीने जिन्यात सांगितलं आणि पाण्याची टाकी भरायच्या आत ते गच्चीवर पोचलं. खरं एवढंच, की केंद्रात होता तो त्यांचा बंटी. विमलाबाई दर रविवारी शहाडला त्याला भेटायला जायच्या. पावडरचं मात्र अगदीच खोटं नव्हतं.

बंटी रिक्षा चालवायचा. आधी गोळ्यांच्या नादी लागला, मग एमडी नावाच्या पावडरीच्या. एका दुपारी रिक्षा स्टँडवर विमलाबाईंनी त्याला गदागदा हलवलं, तर म्हणाला, "कुठं जायचंय, काकी?" वर मीटर टाकला. विमलाबाई हे हसून सांगतात. ऐकणाऱ्याने हसायचं नसतं.

केंद्रातल्या मॅडमनी एका रविवारी विचारलं, "घरात आणखी कुणाला व्यसन?"

"छ्या! आमच्यात सुपारीचं खांडसुदिक चालत नाही," विमलाबाई ठसक्यात म्हणाल्या. दात काळेकुळकुळीत, कमरेला मिसरीची डबी. त्यांच्या माहेरी, साताऱ्याकडे, बायका तंबाखू भाजून तिच्या पुडीने सकाळी दात घासतात, जेवल्यावर घासतात, जावेशी वाजलं की परत घासतात. त्याला व्यसन म्हणतात, हे बाईंच्या ध्यानीमनीही नव्हतं.

बंटी खो खो हसला. कित्येक महिन्यांनी हसला. "आई, तू ही सोड, मी ती सोडतो. पण तू परत घासलीस की मी मोकळा!"

विमलाबाईंनी डबी मॅडमच्या टेबलावर आपटली.

बंटी घरी आला आणि हाल सुरू झाले ते आईचे. डोकं ठणके. दूधवाल्याशी भांडण, मालिकेतल्या सासूशी भांडण, बडीशेपेचे बकाणे. बंटी जाणत्या माणसासारखा समजावी, "होतं असं. आधी घाम येतो, मग राग येतो," आणि लिंबूपाणी करून देई. केंद्रात त्यालाही तेच द्यायचे म्हणे.

परवा संध्याकाळी रुपालीने सासूसाठी मिसरी भाजायला घेतली. वास सरळ तिसऱ्या मजल्यावर. विमलाबाई वाटी घेऊन खाली हजर.

"साखर पायजे होती जराशी."

"पांढरी का काळी?" रुपालीने डोळे मिचकावले आणि तव्यावरची चिमूट त्यांच्या तळहातावर ठेवली. बाईंनी बोट टेकवलंसुद्धा.

तेवढ्यात खालून बाईकचा हॉर्न वाजला. बंटीचा जुना दोस्त. "बंट्या, चल ना, पाच मिनिटात येऊ!" जिन्यात चपला वाजल्या. रुपालीच्या उघड्या दारापाशी येऊन त्या थांबल्या. बंटीने आईचा तळहात पाहिला. चौकटीला टेकून उभा राहिला.

रुपाली हसली. "घ्या हो, विमलाबाई! एवढ्याश्यानं काय होतंय?"

विमलाबाईंनी मोरीत हात झटकला, नळाखाली धुतला, बोट पदराला खसाखसा पुसलं आणि म्हणाल्या, "ह्योबी असंच म्हणायचा. तवा उतरव आधी. आन् बंट्या, त्या हॉर्नवाल्याला सांग, आईला बरं नाही, लिंबूपाणी करायचंय."